हौशी गाण्यावर अभिप्राय कसा द्यायचा? ('उंबरा' फेरीच्या निमित्ताने)

पेटीवाला | ६ जुलै, रात्री १०:१२

मंडळी, नमस्कार.

आपल्या गाणं लिहिण्याच्या स्पर्धेत या फेरीला 'उंबरा' या विषयावरची अकराही गाणी आली. निकाल पुढच्या रविवारी लावू. त्याआधी एक गोष्ट आठवडाभर मनात घोळते आहे, ती इथे मांडतो.

मागच्या फेरीत विषय होता 'वळीव'. शेवंतीताईंनी पहिल्यांदाच गाणं पाठवलं होतं. त्यावर चौदा जणांनी 'छान', 'मस्त', 'वा वा' लिहिलं. सविस्तर लिहिणारा मी एकटाच. मी लिहिलं होतं, "शब्द चांगले आहेत. शेवटच्या मुखड्याला सूर लागलेला नाही, रियाझ वाढवा. रेकॉर्डिंगमध्ये पंख्याचा आवाज येतो." या फेरीत ताईंचं गाणं नाही.

काल मी माझाच अभिप्राय पुन्हा वाचला. आपली ही स्पर्धा गाणं लिहिण्याची आहे, म्हणजे शब्द आणि चाल. आणि मी बोललो कशावर, तर गळा आणि पंखा. गाणं कसं बांधलंय यावर माझं एक वाक्य नाही. पेटी वाजवायला लागून मला तीस वर्षं झाली. कान सुराकडे आधी जातो, ती सवयच लागलेली असते. पण ती माझी सवय झाली, त्याची शिक्षा दुसऱ्याच्या गाण्याला कशाला?

म्हणून या वेळी निकालाआधी आपण एकाच गाण्यावर नीट बोलून बघू. चौथ्या क्रमांकाचं गाणं घेतो. शब्द निशिगंध यांचे, चाल ठेका यांची. दोघांनाही विचारलं आहे. मुखडा असा आहे:

आई, तुझ्या उंबऱ्याशी सांज थांबते
दार अर्धे लोटुनी वाट पाहते

विनंती एवढीच, की तुमचा अभिप्राय वाचून दोघांना उद्या सकाळी गाण्यात काहीतरी करता आलं पाहिजे. 'छान' वाचून काय करणार ते?

---

अनुस्वार | ६ जुलै, रात्री ११:०५

मी सुरुवात करतो.

पहिली ओळ मोजा. लघु (ऱ्हस्व) अक्षराची एक मात्रा, गुरू (दीर्घ किंवा जोर येणाऱ्या) अक्षराच्या दोन. आई तुझ्या, सात मात्रा. उंबऱ्याशी, सात. सांज थांबते, आठ. एकूण २२. दुसरी ओळ: दार अर्धे, सात. लोटुनी, पाच. वाट पाहते, आठ. एकूण २०. मधल्या तुकड्यात दोन मात्रा कमी पडतात. म्हणूनच ठेका यांना 'लोटुनी'तला 'नी' ओढून जागा भरावी लागली आहे. २४व्या सेकंदाला ऐका, तिथे शब्द लांबतो पण अर्थ काही वाढत नाही.

उपाय सोपा आहे, 'लोटुनीया' करा. सात मात्रा होतात आणि ओळ पहिलीच्या वजनात बसते.

मोजणं रूक्ष वाटतं काहींना, मला माहीत आहे. पण लहानपणी मनाचे श्लोक म्हणताना आपण कुठे अडखळायचो का? प्रत्येक ओळ भुजंगप्रयातात, 'लगागा' (लघु-गुरू-गुरू) चार वेळा, बारा अक्षरं. वृत्ताचं नावही माहीत नसताना कानाला ते वजन कळत होतं. ऐकणाराही मोजत बसत नाही, पण मात्रा सांडली की त्याला काहीतरी खटकतं, आणि काय खटकलं ते सांगता येत नाही म्हणून तो 'छान' लिहून मोकळा होतो.

---

निशिगंध | ७ जुलै, सकाळी ७:३०

अनुस्वार, मनापासून आभार. ती ओळ म्हणताना मलाही काहीतरी अडत होतं, पण कुठे ते बोट ठेवून दाखवता येत नव्हतं.

पण 'लोटुनीया' मी घेणार नाही. हे गाणं माझ्या आईचं आहे. ती 'दार लोटून घे गं' म्हणायची. 'लोटुनीया' आलं की ती एकदम तसबिरीत जाऊन बसते. 'लोटुनी' लिहितानाच मी थोडी कचरले होते, खरं तर.

---

ओवी | ७ जुलै, सकाळी ९:१८

निशिगंध, तुझं बरोबर आहे आणि अनुस्वारदादांचा हिशोबही बरोबर आहे. दोन्ही सांभाळून बघ:

आई, तुझ्या उंबऱ्याशी सांज थांबते
दार अर्धे लोटलेले, वाट पाहते

'लोटलेले' सातच मात्रा.

माझी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायची. तिथे ओळ कमी पडली की बायका 'गं', 'बाई', 'माझ्या' घालून वजन भरून काढत. व्याकरणात त्या शब्दांना काम नसेल, पण ते घरातले शब्द असायचे, म्हणून टोचत नसत. जागा भरायचीच असेल तर ज्या माणसाचं गाणं आहे त्याच्याच घरातला शब्द घ्यावा असं मला वाटतं.

---

निशिगंध | ७ जुलै, सकाळी ९:४१

ओवी!! अगं, यात आणखी एक झालंय, ते तुझ्या लक्षात आलं का? माझ्या ओळीत सांज वाट पाहत होती. आता दार वाट पाहतंय. अर्धं लोटलेलं दार, तेच वाट पाहतंय. आई गेल्यावर आम्ही वर्षभर गावच्या घराचं दार पूर्ण लावलं नव्हतं. ही गोष्ट मला गाण्यात आणायची होती आणि ती काही केल्या येत नव्हती.

बदलते आहे. ठेकादादा, चालीला चालेल ना?

---

ठेका | ७ जुलै, दुपारी १:१०

चालेल म्हणजे काय, माझं काम हलकं झालं. 'नी' ओढायची गरजच उरली नाही. आता 'लोटलेले' सरळ सरळ स्वरांवर उतरतं आणि 'वाट'ला मोकळी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, मिळते.

---

गळा | ७ जुलै, सायंकाळी ६:२२

मी अंतऱ्याबद्दल बोलते. गाणारी म्हणून बोलते आहे, तेव्हा तेवढंच धरा.

अंगणी तुझ्या कोरडी झाली तुळस
देवळात दूर झगमगे कळस

चाल 'तुळस'वर तार षड्जाला, म्हणजे वरच्या 'सा'ला, जाते आणि तिथे तालाच्या चार मात्रा थांबते. अडचण अशी, की 'तुळस'च्या शेवटी थांबायला स्वरच नाही. बोलताना आपण 'तुळस्' म्हणतो. गाताना एक तर 'तुळऽऽऽस' असं मधे ताणावं लागतं, नाहीतर शेवटी 'सऽऽऽ' करून नसलेला 'अ' आणावा लागतो. उंच सुरावर लांब थांबायला 'आ' लागतो, 'ए' किंवा 'ओ'ही चालतो. 'ई' आणि 'ऊ'ला वर गळा आवळतो.

एकही शब्द न बदलता ओळ फिरवून बघा: 'कोरडी झाली तुळस अंगणी तुझ्या'. मात्रा तेवढ्याच, वीस. शेवटी 'झ्या' येतो, म्हणजे आकार. कितीही वेळ थांबा.

---

निशिगंध | ७ जुलै, रात्री ८:०५

गळाताई, तुम्ही म्हणता ते गाऊन पाहिलं आणि पटलंही. पण मग तुळस-कळस यमक जातं. ते मला सोडवत नाही. घरातली तुळस वाळते आणि दूर देवळाचा कळस झगमगतोय, हे दोन शब्द शेजारी आल्याशिवाय कळणार कसं?

---

अनुस्वार | ७ जुलै, रात्री ८:३०

तुळस-कळस हे यमक खूप वापरलं गेलेलं आहे, हेही लक्षात घ्या. पण इथे ते नुसत्या नादासाठी आलेलं नाही, त्याला काम आहे. मी ठेवीन.

---

ठेका | ७ जुलै, रात्री १०:५०

मला वाटतं इथे चूक शब्दांची नाही, चालीची आहे, म्हणजे माझी. अंतरा म्हटलं की चाल वर न्यायची ही हाताला लागलेली सवय. पण वाळलेल्या तुळशीला तार सप्तक कशाला? उंची 'तुझ्या'ला देतो, तिथे आकार आहेच. आणि 'तुळस'ला मध्य सप्तकात खाली आणून झटकन सोडतो, ओढत नाही. यमक राहील आणि गळाताईंचा गळाही वाचेल.

उद्या रफ टाकतो.

---

केवड्याचं पान | ८ जुलै, सकाळी ६:५०

मी तुम्हा सगळ्यांपेक्षा वयाने मोठी आहे. गाणी सगळी ऐकते, कधी कधी दोनदासुद्धा. पण मला मात्रा कळत नाहीत, तार सप्तक कळत नाही. त्या चौदा 'छान'मधला एक माझा आहे. मी मनापासून लिहिला होता. मग माझ्यासारखीने लिहायचंच नाही का?

---

पेटीवाला | ८ जुलै, सकाळी ८:१५

मावशी, असं अजिबात नाही. तुमचंच तर हवं आहे. गाणं तुमच्यासाठीच लिहिलेलं असतं, माझ्यासारख्या पेटीवाल्यासाठी नाही. तुम्ही फक्त हे सांगा: ऐकताना डोळ्यांपुढे काय आलं? कुठल्या ओळीला काम थांबवून ऐकलंत? आणि कुठे मन भाजीकडे वळलं? हे तिसरं तर जरूर सांगा. यातलं काहीच आम्हाला आमच्या गाण्याबद्दल कळत नसतं.

---

केवड्याचं पान | ८ जुलै, सकाळी ११:३२

मग सांगते. 'दार अर्धे' ऐकल्यावर मी उठून आमचं दार बघून आले. दुसऱ्या अंतऱ्यात मात्र काय चाललंय ते समजलं नाही. तिथे नदी, नाव, नावाडी असं सगळं येतं. आई कुठे गेली असं वाटलं.

---

निशिगंध | ८ जुलै, दुपारी १२:००

मावशी, दुसरा अंतरा काढून टाकते आहे. तो माझ्या एका जुन्या कवितेतून उचलून घातला होता, गाणं चार मिनिटांचं व्हावं म्हणून. हे मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

---

सडेतोड | ८ जुलै, दुपारी ३:४०

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. इथे सगळे फार जपून बोलतात. मी तबला शिकलो तेव्हा गुरुजी 'चुकलं' एवढंच म्हणायचे, आणि आम्ही शिकलो. पेटीवाल्यांनी शेवंतीताईंना सूर लागला नाही हे सांगितलं यात गैर काय? सूर लागला नसेल तर सांगायलाच हवं. माणूस दुखावेल म्हणून खरं बोलायचं नाही, तर मग अभिप्राय हवा कशाला?

---

मालवणी माणूस | ८ जुलै, सायंकाळी ७:१९

सडेतोड, खरं बोलायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण 'चुकलं' एवढंच सांगणं पुरेसं नाही, हे मी घरात बघितलंय.

माझ्या काकांचं भजनी मंडळ. एका स्पर्धेत ओळीने तीन वर्षं उत्तेजनार्थ. परीक्षक समोर बसून कागदावर गुण लिहायचे. कार्यक्रम संपला की निकाल वाचून दाखवायचे, कागद पिशवीत आणि मंडळी गाडीत. कुठे कमी पडलो हे काकांना शेवटपर्यंत कळलं नाही. गजरात? पखवाजात? अभंग निवडण्यात? चौथ्या वर्षी त्यांनी नाव दिलं नाही. पाचव्या वर्षी मंडळ मोडलं.

याउलट आमच्याकडे भजनाची डबलबारी होते, दोन बुवा समोरासमोर. तिथे लोक काही मऊ बोलत नाहीत. पण खाली उतरल्यावर एखादा म्हातारा खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "बुवा, दुसऱ्या गजराक सम खंय सुटली ती बघ." यात दया-माया नाही, पण जागा दाखवलेली आहे. बुवा घरी जाऊन तेवढंच दहा वेळा घोटतो.

तुमच्या गुरुजींनीही 'चुकलं' म्हटल्यावर हाताने वाजवून दाखवलं असणार. ते तुम्ही लिहायचं विसरलात.

---

सडेतोड | ८ जुलै, रात्री ९:०२

हो, दाखवायचे. डग्ग्यावर माझा हात धरून दाखवायचे. तुमचं म्हणणं मान्य.

---

टोरांटोकर | ९ जुलै, पहाटे ४:३० (इथे अजून संध्याकाळ आहे)

मी दर फेब्रुवारीत इंग्रजीतल्या एका उपक्रमात भाग घेतो. २८ दिवसांत १४ गाणी लिहायची. २००४ पासून चालू आहे, 'फॉम' (फेब्रुवारी अल्बम रायटिंग मंथ) म्हणतात. तिथे नंबर काढत नाहीत, पण लोक एकमेकांची गाणी ऐकून लिहितात. दोन दिवसांत एक गाणं म्हटल्यावर ते कच्चंच असणार हे सगळ्यांनी धरलेलंच असतं, त्यामुळे आवाजावर कोणी अडत नाही.

मी तिथे एक सवय लावून घेतली. गाणं टाकताना खाली एक प्रश्न टाकतो. "मुखड्याची दुसरी ओळ आधी आणू का?" किंवा "शेवट अचानक होतो का?" उत्तरं नेमकी येतात. आणि ज्या दिवशी मला फक्त ऐकवायचं असतं, त्या दिवशी लिहितो, "आज नुसतं ऐका." लोक ऐकतात. काही गाणी इतकी ओली असतात की त्यांना लगेच हात लावू नये. वडील गेले त्या आठवड्यात मी एक लिहिलं होतं. त्याच्या यमकावर कोणी बोललं असतं तर मला सहन झालं नसतं.

आपल्याकडेही गाण्याखाली असा प्रश्न मागवता येईल का?

---

पेटीवाला | ९ जुलै, सकाळी ८:००

पुढच्या फेरीपासून नक्की.

---

नवखा | ९ जुलै, सकाळी १०:२५

माझं सातव्या क्रमांकाचं गाणं. दोघांनी लिहिलंय की मी ठेक्याच्या मागे पडतो. पण मी तर ठेका ऐकूनच गायलो होतो. चाळीस वेळा केलं, प्रत्येक वेळी मागे. माझ्यात लयच नाही का? खरं सांगा, मी राग मानणार नाही.

---

ठेका | ९ जुलै, सकाळी १०:५८

नवखा, तुमचं गाणं मी तीनदा ऐकलं. तुम्ही सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्याच अंतराने मागे आहात. लय कच्ची असलेला माणूस कधी पुढे पळतो, कधी मागे राहतो, असा सारखा मागे राहत नाही. कानात ब्लूटूथ होतं का?

---

नवखा | ९ जुलै, सकाळी ११:०४

हो. बिनवायरचे इअरफोन होते.

---

ठेका | ९ जुलै, सकाळी ११:२०

मग झालं. ठेका तुमच्या कानात पोचायलाच उशीर होतो, शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज. तुमच्या गाण्याची लय मिनिटाला ८० मात्रांची आहे, म्हणजे तालाची एक मात्रा पाऊण सेकंदाची. त्यात एक पंचमांश सेकंद उशीर म्हणजे पाव मात्रेहून जास्त मागे. वायरचे साधे इअरफोन लावा आणि पुन्हा गा. आणि फाइल व्हॉट्सॲपवर पाठवताना व्हॉइस नोट करू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आवाज दाबला जात नाही.

तुमच्या लयीत काहीही खोट नाही. उलट चाळीस वेळा एकाच अंतराने मागे राहणं, याला लय पक्की लागते.

---

नवखा | ९ जुलै, रात्री ९:४५

वायर लावून गायलो. पहिल्याच वेळी बसलं. घरी सगळ्यांना ऐकवलं.

---

शेवंती | १० जुलै, रात्री ११:५२

चार दिवस वाचते आहे. लिहू की नको असं चाललं होतं.

पेटीवालेकाका, मी रागावले नव्हते. या फेरीत वेळच मिळाला नाही हेही खरं आहे. पण थोडी हिरमुसले होते, तेही खरं. गाणं मी रात्री बाळ झोपल्यावर स्वयंपाकघरात रेकॉर्ड केलं. पंखा बंद केला असता तर बाळ उठलं असतं. मी गाणं शिकलेले नाही, सूर डगमगतो हे मला माहीत आहे.

मला फक्त एक जाणून घ्यायचं होतं. टोरांटोकर म्हणतात तसा प्रश्न तेव्हा सुचला नाही, आता विचारते. माझा मुखडा तीनदा येतो. तिसऱ्यांदा त्यात मी एक शब्द बदलला आहे. तो कोणाच्या लक्षात आला का?

---

पेटीवाला | ११ जुलै, सकाळी ७:४०

शेवंती, आत्ता हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. मग आणखी दोनदा ऐकलं.

पहिल्या दोन्ही वेळा, 'वळीव येतो, सांगून येत नाही'. तिसऱ्या वेळी, १ मिनिट ५२ सेकंदाला, 'वळीव येतो, सांगून जात नाही'.

'येत'चं 'जात' झालं. तोवर ते पावसाचं गाणं होतं. त्या एका शब्दानंतर ते कोणाच्या तरी जाण्याचं गाणं होतं, आणि मागचे दोन्ही अंतरे एकदम वेगळे ऐकू येतात. 'ओसरीवर वाळत घातलेला सदरा' पहिल्यांदा नुसता भिजतो. आता तो कोणाचा होता, असा प्रश्न पडतो. हे माझ्या कानावरून निसटलं. त्या वेळी मी पंखा ऐकत होतो. माफ कर.

मला एक विचारायचं आहे. पहिल्या दोन वेळा मुखडा षड्जावर येऊन टेकतो. तिसऱ्या वेळी 'नाही'वर तू रिषभावरच ('रे'वरच) थांबतेस, सा घेतच नाहीस. सूर लागला नाही असं मी लिहिलं होतं ती हीच जागा. हे तू मुद्दाम केलंस का?

---

शेवंती | ११ जुलै, दुपारी २:१५

नाही काका. तिथे दर वेळी आवाज अडकायचा. सा वर यायच्या आधीच. पाच-सहा वेळा केलं, मग तसंच ठेवलं.

---

पेटीवाला | ११ जुलै, दुपारी २:१७

तसंच ठेव. पेटीवर दोन्ही वाजवून पाहिलं. सा घेतला की गाणं संपतं.

---

गळा | ११ जुलै, दुपारी ३:०५

शेवंती, हे गाणं मला गायचं आहे. तुझी पट्टी कुठली? पेटीची काळी दोन वाटते. आणि तो रिषभ मी किती वेळ धरू, ते तूच सांग.